कळ कोणत्या वाटेने येते?

श्रोतेहो, मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत? ठणका, कळ, चमक, सल, आग, चरचर, रग, पीळ, ओढ, टोचणी. कवितेच्या निमित्ताने हे शब्द मी तीस-पस्तीस वर्षं वापरत आलो. पण त्यांचा रोकडा उपयोग मला कळला तो दोन वर्षांपूर्वी, रुग्णालयाच्या खाटेवर. पोट उघडून माझ्या मोठ्या आतड्याचा एक भाग काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर उशाशी आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, कसं दुखतंय?"

मी म्हटलं, "दुखतंय."

"ते चेहऱ्यावर दिसतंय. टाक्यांवर चरचरतंय, की आतून पीळ पडल्यासारखं होतंय?"

मी थोडा विचार केला. "वर काहीच नाही. आत खोल कुठेतरी ओढ लागल्यासारखं वाटतंय."

त्यांनी टाक्यांच्या कडेने बोट फिरवून पाहिलं, मान हलवली आणि सलाईनमधून आणखी एक औषध द्यायला सिस्टरना सांगितलं. "ब्लॉक चांगला चाललाय," म्हणाल्या, "ही कळ दुसऱ्या वाटेने येतेय."

कळ वाटेने येते, आणि तिच्या वाटा एकाहून अधिक असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण पुढचे दोन दिवस मी त्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, घरी आल्यावर मिळेल ते वाचलं, आणि जे उमगलं ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे. त्यामागे माझ्या घरातलं एक जुनं कारण आहे, ते आधी सांगतो.

१९८६ साली माझ्या अम्माची पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं. तालुक्याच्या गावी, एका छोट्या दवाखान्यात. पोटावर उभा छेद. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि रात्री तिच्याजवळ थांबायचो. दुखलं की सहा तासांनी एक इंजेक्शन, एवढीच व्यवस्था होती, आणि तेही मागितलं तर. अम्मा मागायची नाही. ओढणीचं टोक दातांत धरून पडून राहायची. विचारलं की म्हणायची, "नै दुखता, बेटा." सब्र हा तिचा आयुष्यभराचा शब्द. आपल्या मराठीतली 'सबुरी' याच शब्दाची लेक. पण त्या सबुरीत अम्माने खोकणं बंद केलं, कारण खोकलं की टाके तुटतील असं वाटायचं. मोठा श्वास घेणं बंद केलं. चौथ्या दिवशी ताप चढला. छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला होता. आठ दिवसांत घरी येणारी अम्मा तेवीस दिवस तिथे राहिली. वाचली, अल्लाची मेहेर. पण ते दुखणं सोसण्याने तिचं काही भलं झालं नाही, हे मला समजायला पुढची साडेतीन दशकं गेली.

पोटाच्या ऑपरेशनंतरचं दुखणं हा केवळ सोसण्याचा प्रश्न नाही, तो इथे आला. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साठतो, संसर्ग होतो. दुखतं म्हणून तो उठत नाही, आणि पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. नाडी जलद होते, हृदयावर ताण येतो. दुसरीकडे, दुखणं मारण्यासाठी अफूच्या वर्गातली औषधं, म्हणजे मॉर्फिनसारखी, भरपूर दिली तर गुंगी, उलट्या, आणि आतड्यांची चाल मंदावते. प्रमाण जास्त झालं तर श्वासही मंद होतो. म्हणून मेंदूला झोपवण्यापेक्षा कळेची वाटच अडवावी, हा विचार पुढे आला. या वाट अडवण्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

वाट म्हणजे काय ते पाहू. आपल्या वस्तीपासून छोटा रस्ता निघतो, तो फाट्यावर येतो आणि तिथून महामार्गाला लागतो. पोटाच्या कातडीपासून आणि स्नायूंपासून निघालेले मज्जातंतू असेच फासळ्यांच्या खालून, कमरेच्या बाजूने वळसा घेत पाठीच्या कण्याकडे जातात. मणक्यांशी त्यांचा फाटा. तिथून मज्जारज्जूचा महामार्ग, थेट मेंदूपर्यंत. पोटाच्या भिंतीसाठी मुख्यतः छातीच्या सातव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतचे मज्जातंतू काम करतात. बेंबीच्या पातळीवरचा मुलूख छातीच्या दहाव्या मज्जातंतूकडे असतो. आतडी, गर्भाशय, पित्ताशय यांची वाट मात्र निराळी. त्यांची कळ वेगळ्या, स्वयंचलित मज्जासंस्थेच्या तंतूंतून जाते. रस्त्याशेजारून जाणारा जणू रेल्वेचा रूळ. वस्तीचा रस्ता बंद केला म्हणून आगगाडी थांबत नाही. माझं टाक्यांवर चरचरणं थांबलं होतं आणि आतली ओढ सुरू होती, ती यामुळे.

आता ही वाट अडवायची कशाने? १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने दाखवलं की कोकेनचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो. जागेपणी, दुखू न देता शस्त्रक्रिया करता येते. पुढे १८९८ मध्ये जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात कोकेन सोडून कमरेखालचं शरीर बधिर केलं. त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी तो प्रयोग एकमेकांवर करायचा ठरवलं. बिअर यांच्या वेळी सुई आणि पिचकारी नीट जुळेना, औषध सांडलं. मग हिल्डेब्रांट यांना इंजेक्शन दिलं आणि बिअर यांनी त्यांच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली. काही कळलं नाही! संध्याकाळी दोघांनी मद्य आणि चिरूटांसह आनंद साजरा केला, आणि पुढचे काही दिवस दोघेही डोकेदुखीने हैराण झाले. पाठीतलं पाणी गळल्यावर होणाऱ्या डोकेदुखीची ही सुरुवातीची नोंद.

कोकेन धोक्याचं, व्यसन लावणारं. तिची जागा पुढे इतर औषधांनी घेतली. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. आज ब्लॉकसाठी बुपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन ही जास्त वेळ टिकणारी औषधं वापरतात. ती सारी एकच काम करतात: मज्जातंतूच्या आवरणातली सोडियमची दारं बंद करतात. दार बंद झालं की निरोप पुढे जात नाही. औषध ओसरलं की दार पुन्हा उघडतं.

दार कुठे बंद करायचं, यावरून पद्धती निराळ्या होतात. सर्वांत व्यापक म्हणजे एपिड्युरल. १९२१ मध्ये फिदेल पाजेस या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदाने ती मांडली. ते दोन वर्षांनी अपघातात गेले, लेख स्पॅनिशमध्ये, त्यामुळे त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तिशीच्या दशकात इटलीच्या दोल्योत्ती यांच्या कामाने ही पद्धत गाजली. लहान भाषेत लिहिणाऱ्याला ही गोष्ट वाचून जरा थांबावंसं वाटतं. असो. एपिड्युरलमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून दोन-तीन दिवस औषध देत राहतात. हा फाट्यावरचा बंद. रस्ताही थांबतो आणि रूळही. म्हणून टाक्यांचं आणि आतलं, दोन्ही दुखणं कमी होतं. आतडीही लवकर चालू लागतात. मोठ्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये आजही याच्या तोडीचा आराम दुसऱ्या पद्धतीने सहसा मिळत नाही.

पण त्याची किंमत आहे. रक्तदाब उतरतो. पाय जड होऊ शकतात. लघवीला अडते. खाज सुटते. नळी सरकली की उपयोग थांबतो. चुकून आतलं आवरण टोचलं तर बिअर यांच्यासारखी डोकेदुखी. आणि क्वचित, फारच क्वचित, आत रक्त किंवा पू साठून मज्जारज्जूवर दाब येतो, आणि ते वेळीच ओळखलं नाही तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणूनच रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर एपिड्युरल टाळतात. माझ्या हृदयात स्टेंट आहे. एक गोळी थांबवायला हृदयरोगतज्ज्ञ तयार नव्हते. म्हणून माझ्यासाठी हा मार्ग सुरुवातीलाच बंद झाला.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. त्यांचंही पोटाचंच ऑपरेशन, आणि त्यांना एपिड्युरल. पहिले दोन दिवस ते माझ्यापेक्षा निवांत. खोकताना चेहऱ्यावर रेघ उमटायची नाही. पण पहिल्या दिवशी त्यांना उभं केलं तर रक्तदाब खाली, डोळ्यांपुढे अंधारी. मी त्याच संध्याकाळी काठीच्या आधाराने दारापर्यंत गेलो. रात्री मात्र ते घोरत होते आणि मी पोटातली ओढ मोजत होतो. कोणाचं बरं, असं विचारलं तर दोघांनीही आपापली किंमत मोजली, एवढंच सांगता येईल.

दुसरी पद्धत म्हणजे कमरेत एकदाच दिलेलं इंजेक्शन, स्पायनल; त्यात अगदी थोडं मॉर्फिन मिसळतात. सिझेरियनसारख्या ऑपरेशनमध्ये हे फार उपयोगी. थोड्याशा औषधावर जवळजवळ दिवसभर आराम मिळतो. खाज आणि मळमळ हा त्याचा त्रास, आणि श्वास उशिरा मंदावण्याचा धोका असल्याने चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं.

यानंतर येतात पोटाच्या भिंतीतले ब्लॉक, आणि गेल्या पंचवीस वर्षांतली खरी घडामोड इथली. कमरेच्या बाजूला पोटाची भिंत तीन स्नायूंच्या थरांची असते. आपल्या गोधडीसारखी, एकावर एक. मज्जातंतू धावतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मधून. या फटीत औषध भरलं तर? २००१ मध्ये डॉ. रफी यांनी कमरेवरच्या एका त्रिकोणी जागेतून सुई घालून नेमकं तिथे पोचण्याची रीत मांडली. (हे नाव वाचून मला आधी गाणंच आठवलं, कबूल करतो.) सुई एकेका पडद्यातून जाताना हाताला 'टुक्' असं जाणवतं, त्यावरून अंदाज घ्यायचा. पुढे सोनोग्राफीने हे थर डोळ्यांना दिसू लागले आणि अंदाजाची जागा नजरेने घेतली. याला टॅप ब्लॉक म्हणतात. २००७ मध्ये आयर्लंडच्या जॉन मॅकडॉनेल आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या ३२ रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. ब्लॉक दिलेल्यांना पहिल्या २४ तासांत सरासरी सुमारे २२ मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, न दिलेल्यांना सुमारे ८०. जगभर टॅप ब्लॉकची चर्चा झाली.

नंतरच्या मोठ्या पाहण्यांत तो उत्साह थोडा निवला. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये फायदा मर्यादित दिसला. स्पायनलमध्ये मॉर्फिन दिलेलं असेल तर सिझेरियननंतर टॅपने फारशी भर पडत नाही. दिलेलं नसेल तर पडते. आणि मुख्य गोष्ट, टॅप वस्तीचा रस्ता बंद करतो, आगगाडी नाही. एकदा दिलेल्या औषधाचा असर साधारण अर्धा दिवस ते एक दिवस. पण पाय मोकळे राहतात, लघवीला अडत नाही, रक्तदाब सहसा ढळत नाही.

छेद पोटाच्या मधोमध उभा असेल तर बेंबीच्या दोन्ही बाजूंच्या सरळ स्नायूंच्या मागे औषध देतात. त्याला रेक्टस शीथ ब्लॉक म्हणतात. जर्मनीच्या श्लाइख यांनी १८९९ मध्ये सांगितलेली ही युक्ती सोनोग्राफीने पुन्हा वर आली. मला हाच दिला. दोन बाजूंना दोन बारीक नळ्या ठेवल्या आणि ठरावीक तासांनी त्यांतून औषध सोडलं. हर्नियासाठी जांघेजवळचे दोन मज्जातंतू वेगळे बधिर करतात.

२००७ मध्ये राफाएल ब्लांको यांनी पोटाच्या मागच्या बाजूचा, क्वाड्रेटस लंबोरम या स्नायूशेजारचा ब्लॉक मांडला. औषध मणक्यांच्या बाजूला पसरलं तर आतल्या कळेवरही थोडा असर होईल, ही त्यातली आशा. पण जागा खोल, मूत्रपिंडाशेजारची, आणि कधी मांडी अशक्त होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला इथेही एपिड्युरलइतकीच सावधगिरी लागते. २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी इरेक्टर स्पायनी ब्लॉक सांगितला. पाठीच्या लांब स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडावर सुई टेकवायची आणि औषध सोडायचं. करायला सोपा, मज्जारज्जूपासून दूर. पण औषध आत किती झिरपतं हे माणसागणिक बदलतं, आणि पोटासाठी त्याचा नेमका फायदा किती यावर अजून वाद आहे.

शेवटची पद्धत सर्वांत साधी. टाके घालताना सर्जनने छेदाच्या कडांमध्येच औषध भरणं. म्हणजे घराचं दारच बंद करणं. वेगळं यंत्र नको, खर्च थोडा. काही तासांचाच आराम, पण आराम.

यांतला कोणताही ब्लॉक एकट्याने लढत नाही. पॅरासिटामॉल आणि, मूत्रपिंड व पोट साथ देत असेल तर, सूज उतरवणारी औषधं सोबत लागतात. आणि तीही दुखल्यावर मागून नव्हे, घड्याळ लावून. ब्लॉकचं औषधसुद्धा वजन पाहून मोजावं लागतं. रक्तात जास्त गेलं तर ओठ झिणझिणतात, कानात गुणगुणतं, झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्यावर उतारा म्हणून स्निग्ध द्रव शिरेतून देतात. तो हाताशी हवा.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी दोन बाजू आहेत. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन बाळगणं अनेक वर्षं अवघड राहिलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी लहान दवाखान्यांत ते सहसा मिळत नाही. म्हणजे ब्लॉकची गरज आपल्याला अधिक. आणि ब्लॉकसाठी लागणारं सोनोग्राफी यंत्र गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं. ते गाडीत घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात सहज नेता येत नाही. लेकींना वाचवणारा तो कायदा हवाच. पण गावोगाव जाणाऱ्या भूलतज्ज्ञाची त्याने अडचण होते, हेही खरं. अशा ठिकाणी छेदाच्या कडांना औषध भरणं आणि घड्याळ लावून दिलेल्या गोळ्या, एवढं तरी नक्कीच होऊ शकतं. अम्माच्या वेळी तेवढंही झालं असतं तर, असं मनात येतं.

म्हणून, श्रोतेहो, घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनइतकंच भूलतज्ज्ञाला भेटा, आणि आदल्या दिवशीच भेटा. विचारा: ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून काय करणार? ते किती तास टिकेल? ते ओसरल्यावर पुढे काय? आणि आपल्याकडून सांगा: रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, पाठीचं ऑपरेशन झालंय का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. ब्लॉक ओसरतो तो बहुधा रात्री. त्याआधीच गोळी घेतलेली बरी.

आणि नंतर दुखलं तर कसं दुखतं ते सांगा. पडून असताना दुखतं का, यापेक्षा उठताना आणि खोकताना दुखतं का, हे महत्त्वाचं. चरचर असेल तर चरचर म्हणा, पीळ असेल तर पीळ म्हणा. एपिड्युरल असताना पाय एकाएकी हलेनासे झाले किंवा पाठीत जोराचं दुखू लागलं, तर मध्यरात्र असली तरी सिस्टरना उठवा. शून्य ते दहा असा आकडा विचारतात, तो खरा सांगा. आमच्या मास्तरांनी विद्यार्थ्यांना कधी दहापैकी दहा दिले नव्हते, तर त्यांना स्वतःच्या दुखण्यालाही चारापेक्षा जास्त गुण देववेनात!

मी महिनाभर नमाज खुर्चीवर बसून पढलो. आजाऱ्याला ती मुभा आहे. ज्या दिवशी सजद्यासाठी वाकलो आणि पोटात काही ओढलं नाही, त्या दिवशी अम्माची आठवण आली. तिची सबुरी खोटी नव्हती. ज्याला इलाज नाही त्यासाठी ती लागतेच. पण ज्याला इलाज होता, तिथेही तिने ती खर्च केली, कारण तिला कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही. आपल्या घरातल्या अम्माला, आईला, आजीला आपण विचारू या. 'नै दुखता' म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)